डावी बाजू अर्धा इंच

४ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

दोन इंजेक्शनं झाली. आधी छातीतली गाठ आटवायची, मग ऑपरेशन, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. केस गेले, म्हणून शिलाई मशीनवर रुमाल बांधून बसते. गिऱ्हाइकं विचारत नाहीत, मीही सांगत नाही.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी माझाच ब्लाउज डाव्या बाजूला तंग झाला. मी ती बाजू अर्धा इंच उसवून सैल केली आणि विसरून गेले. अंगाला आलं, एवढंच मनात आलं. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, आणि एकाच बाजूने कोणी जाड होत नाही हे मला कळू नये?

बाई म्हणाल्या, पाळी गेल्यावर बायकांच्या चरबीतही हार्मोन तयार होतं आणि माझ्यासारख्या गाठीला ते खतपाणी घालू शकतं. पुढचं मला ऐकूच आलं नाही. शिवणीत मायेचं कापड जास्त राहिलं की मी कापते, तशी ही चरबी कापायची ठरवली. पंधरा दिवस चहा आणि एखादं फळ, बस. पाच किलो उतरले. कुणाला बोलू नकोस.

लोभ वाढावा, वजन मात्र नको.
तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझा राग आला. मी ज्या दवाखान्यात केसपेपर लिहिते, तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. चरबी नुसती पडून नसते, आजूबाजूच्या पेशींना चिथावू शकते, हे त्यांनी मान्य केलं. पण अमकीची गाठ तिच्या वजनानेच वाढली, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही म्हणाल्या. उपचार चालू असताना उपाशी राहिलं की अंगातली ताकद जाते आणि इंजेक्शनच लांबतं.

माया सगळीच कापली की शिवण उसवते, हे मला तूच शिकवलंस. आज जेव. आपण दोघी एकाच अंगकाठीच्या, ताई. काल मीही आरशासमोर दोन्ही बाजू ताडून बघत बराच वेळ उभी होते.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझी बारकी


१६ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी दवाखान्यातून नुकती परतले होते. तिसरं इंजेक्शन दिलंच नाही. तपासणीत रक्त कमी भरलं. काय खाता, असं बाईंनी विचारलं तेव्हा आधी खोटं बोलले, मग रडत खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. तुमचं वजन वाढलेलं पाहून मी घाबरले नव्हते, आज घाबरले, एवढंच म्हणाल्या.

आठवडा वाया गेला. तेवढ्यात गाठ वाढली असेल का, हेच डोक्यात फिरतं. चाचपून बघते, कधी मोठी लागते, कधी नाही. आता जेवते. प्रत्येक घासाला वाटतं, हा मला मिळतोय की तिला. तरी गिळते.

येत्या गुरुवारी पुन्हा रक्त तपासणार. मी एकटी जाते, माझं काही अडत नाही, असं सगळ्यांना सांगत आले. अडतं, बारके. फार भीती वाटते.

या खेपेला लोभ पत्रातून पाठवू नकोस, घेऊन ये.
ताई