‘उपाशी’ लिहिलेले फ्लास्क

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

शेकर मेला! फ्लास्क सतत हलवत ठेवणारा, कॉलेजातला एकुलता एक. दिवाळीपासून कुरकुरत होता, आज सरळ धूर काढला. माझ्या गाईड हेमाली मॅडम म्हणाल्या, "दुरुस्तीचा अर्ज टाकू." अर्ज! मला नातवंडं होतील तेव्हा मेकॅनिक येईल.

आणि माझ्याकडे फक्त २८ फेब्रुवारीपर्यंत वेळ. मॅडमनी मुंबईच्या संस्थेत फेलोशिपसाठी माझं नाव सुचवलंय. तिथले सर म्हणाले, तेल साठवलेल्या जिवाणूंचा एक स्पष्ट फोटो दाखवा, मग बघू. एक फोटो. डिसेंबरात एकदाच दिसले होते ते थेंब— काळे, गोल, पेशीच्या आत बसलेले. मी मूर्ख, फोटो न काढता आधी मॅडमना बोलवायला धावले. परत येईपर्यंत स्लाइड वाळून गेली.

आज संक्रांत. आई जाऊन वर्ष झालेलं नाही म्हणून घरात तिळगूळ नाही. धोंडूआत्या तरी डबा घेऊन आली. "सन न्हाय करायचा, पन पोरीच्या हातावर एक लाडू ठेवला तर काय बिगडतंय?" बाबांनी डबा तसाच परत केला. आत्या गेल्यावर मला वाटलं, एक तरी ठेवून घ्यायला हवा होता.

१८ जानेवारी, शनिवार

बाबांनी शेकर बनवला!!

आमचे कापडाचे लूम भंगारात गेले तेव्हा एक मोटर त्यांनी का कोण जाणे ठेवून घेतली होती. तिला पुली, पट्टा, वर लोखंडी ट्रे, फ्लास्क धरायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. मागच्या रिकाम्या शेडमध्ये बसवलाय. खडखडतो, पण अगदी हवा तसा हलतो. माझे जिवाणूही याच शेडचे— लूमखालच्या, तीस वर्षं ऑइल पिऊन काळ्या झालेल्या मातीतले. घरचेच म्हणायचे.

आई गेल्यापासून बाबांनी आपणहून केलेलं हे पहिलं काम. मी थँक्यू म्हटलं तर म्हणाले, "त्यात काय."  आमचं बोलणं हल्ली एवढंच असतं.

२० जानेवारी, सोमवार

सुरू केलं. सहा फ्लास्क. तिनांवर मार्करने लिहिलं "पोटभर", तिनांवर "उपाशी". मॅडम बघतील तर रागावतील, पण मॅडम काही आमच्या शेलार गावात येणार नाहीत.

संध्याकाळी बाबा ट्रेजवळ उभे होते. वाचत होते. म्हणाले, "हे उपाशी म्हंजे?"

सांगितलं. जिवाणूंना आधी खाऊ घालून वाढवायचं. मग धुऊन अशा पाण्यात टाकायचं, ज्यात साखर भरपूर पण नायट्रोजन नाही. नायट्रोजनशिवाय त्यांना अंग वाढवता येत नाही. मग ते त्या साखरेचं तेल करतात आणि पोटात साठवून ठेवतात, पुढच्या दिवसांसाठी. नीट खायला मिळालं की तेच तेल जाळून परत वाढायला लागतात.

"म्हंजे मुद्दाम नाय देयाचं त्यांना."

"हो."

"किती दिस?"

"पाच."

 मग हात धुवायला गेले. हात तर स्वच्छ होते.

२५ जानेवारी, शनिवार

काही नाही. काळ्या रंगाने रंगवलं, वरून गुलाबी दिला. तेल असेल तिथे काळं दिसायला हवं. सगळं गुलाबी. पोटभर जेवलेले गुलाबी, उपाशीही गुलाबी. उलट उपाशीच जास्त गुटगुटीत! नायट्रोजनशिवाय हे वाढले कसे?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला गेले नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

दुसरी खेप. सगळी रसायनं नव्याने तोलली, डिस्टिल्ड वॉटर दुसऱ्या लॅबमधून मागून आणलं. रिक्षावाला पिशवीतले फ्लास्क बघून म्हणाला, "मॅडम, संभाल के पकडो, दवाई है ना?" म्हटलं, हां, दवाई है. कुणाची ते विचारलं नाही, बरं झालं.

रोज सकाळी कॉलेजला निघताना प्रत्येक फ्लास्कमधून थोडं नळीत काढून नेते. तिसऱ्या दिवशीच उपाशी फ्लास्क गढूळ. आणि आज तर पाणी पिवळसर. मायक्रोस्कोपखाली माझ्या लांबट जिवाणूंमध्ये भलतेच गोल गोल कुणीतरी, झुंडीने.

बाहेरचे घुसले. म्हणजे माझा हात घाण. मॅडम एवढंच म्हणाल्या, "करिष्मा, बूच काढताना लक्ष कुठे असतं तुझं?"

४ फेब्रुवारी, मंगळवार

तूरडाळ परत संपली. दोन माणसं घरात, त्यातले बाबा तर डाळीला शिवतसुद्धा नाहीत. भाकरी, सुकट, कांदा, बस. किती महिने झाले, वाटी पुढे केली की बाजूला सारतात. मग डाळ जाते कुठे? मीच बहुतेक मोजून घालत नाही. माझं कशातच लक्ष नाही. मॅडम खरं बोलल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

आज लिहूनच टाकते. आठ महिने इथे लिहायचं टाळतेय.

आईचं आतडं बंद झालं होतं. गाठीने. ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तोंडाने काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही, नुसतं सलाइन. आणि आई दिवसभर एकच मागायची. "डाळीचं पानी दे गो. नुसतं वरचं. चमचाभर." नऊ दिवस! मी शिकलेली ना घरात. सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. मी ओला कापूस तिच्या ओठांना लावायचे आणि समजावायचे, आई, उद्या. उद्या देऊ. उद्या काही मिळणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

नवव्या दिवशी बाबा घरून स्टीलच्या डब्यात डाळीचं पाणी घेऊन आले. चमचा भरून तिच्या तोंडाशी नेला आणि मी त्यांचा हात धरला. ओरडले मी. सगळ्या वॉर्डसमोर. "मारायचंय का तुम्हाला तिला?" असं म्हणाले मी. माझ्या बापाला. त्यांनी चमचा डब्यात टाकला, झाकण लावलं. मी खाली औषधं आणायला गेले. रात्री आई गेली.

माझं बरोबर होतं. पुस्तकात बघ, कुणालाही विचार, माझंच बरोबर होतं. आणि आई उपाशी गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार

कालचं पान फाडणार होते. राहू दे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिसरी खेपही तीच. गोल पाहुणे, पिवळसर पाणी, तेलाचा थेंब नाही. या वेळी तर बूच काढताना श्वास रोखून धरला होता.

मॅडमना वाईट वाटतंय हे दिसतं, आणि तेच सहन होत नाही. म्हणाल्या, "प्रयोग सोड, वाचून एक लेख लिही. पास होशील." पास! पास व्हायला काय, नाचता येत नसलं तरी वरातीत जाता येतं. मला तो फोटो हवा होता. मला एकदा बघायचं होतं की उपाशी ठेवल्याने कुणाचं तरी काहीतरी बरं होतं.

हे मी काय लिहिलं! पण खरं आहे ते. खोडत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आता डिसेंबरचंही खरं वाटेनासं झालंय. कदाचित तेल नव्हतंच. रंगाचे डाग असतील. मला हवं होतं म्हणून दिसलं.

आज दोनदा फ्लास्क ओतून द्यायला शेडमध्ये गेले. बाबांचा शेकर इमानाने खडखडत होता. कुणासाठी? ओतवलं नाही. शेवटची खेप, २६ ला पाच दिवस होतील. बघायचं म्हणून बघायचं.

आत्या म्हणते, "तुजा बाबा जरा मानसात आलाय हल्ली. सकाळचा उठून चूल— गॅस पेटवतो म्हनं." मी नऊला निघते तेव्हा तर ते ओट्यावर नुसते बसलेले असतात. आत्याला काहीही दिसतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

 सगळं क्रमाने लिहिते.

कॉलेजला सुट्टी. दोघांनाही उपास, आईचा होता तो आम्ही धरला. मी सकाळी साबुदाणा भिजवला आणि आतल्या खोलीत पडून राहिले. अकराच्या सुमारास कुकरची शिटी. एक. दोन. तीन. उपासाच्या दिवशी कुकर कशाला?

उठून आले. बाबा गॅसपाशी. कुकर उघडला, डाळ घोटली नाही, नुसतं वरचं पाणी फडक्यातून वाटीत गाळलं. फुंकून गार केलं. हात कोपरापर्यंत साबणाने धुतले. वाटी आणि चमचा घेऊन मागच्या दाराने शेडकडे. मी मागोमाग गेले, दाराशी थांबले.

त्यांनी मोटर बंद केली. "उपाशी" लिहिलेला फ्लास्क अलगद काढला. बूच दोन बोटांत धरलं, मी धरते तसंच. खाली ठेवलं नाही. बघून बघून शिकलेत. दोन चमचे आत सोडले. मग दुसरा, मग तिसरा. "पोटभर"ला हात लावला नाही. आणि हळू आवाजात, मला वाटलं मोटरशी बोलतायत, "घ्या. सावकाश घ्या."

पाच आठवडे! मला किंचाळायचं होतं. माझी रसायनं, माझा हात, माझी झोप, मॅडमचं ते बघणं. मी स्वतःला काय काय म्हटलं या पानांवर! आणि माझे जिवाणू नालायक नव्हते. त्यांना रोज जेवायला मिळत होतं. डाळीत नायट्रोजन, हवा तेवढा. ते कशाला तेल साठवतील? पिवळं पाणी, गोल पाहुणे, संपलेली डाळ, सगळं त्या वाटीत होतं.

बाबांनी वळून बघितलं. चमचा हातात तसाच.  तोच हात, तोच चमचा.

"उपाशी लिवलंय ना वर," एवढंच म्हणाले. "मना बघवंना."

मी पुढे गेले. या वेळी हात धरला नाही. बूच लावलं, मोटर चालू केली, आणि घरात येऊन साबुदाण्याची खिचडी परतायला घेतली, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना सांगितलं, चूक माझी. बूच नीट लावत नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मुंबईच्या सरांना फोन करते म्हणाल्या. म्हणजे फेलोशिप गेली. बाबांचं नाव घेतलं नाही, घेणारही नाही. प्रबंधात एक ओळ लिहावी लागेल: निष्काळजीपणामुळे प्रयोग दूषित. माझा निष्काळजीपणा. लिहीन.

परत येताना रडले. रिक्षात, सगळ्यांसमोर. कुणी काही विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी आम्ही शेकर सोडवत होतो. बाबा पट्टा काढता काढता, माझ्याकडे न बघता बोलले.

त्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले तेव्हा त्यांनी डबा परत उघडला होता. "दोन चमचे दिले तिला. गिळलं तिनं. हसली गो. आनखी मागत व्हती, पन तू येशील म्हनून झाकन लावलं. आन त्याच रातीला..." आठ महिने ते समजतायत, त्या दोन चमच्यांनी ती गेली. म्हणून डाळ तोंडाला नाही.

मी म्हटलं, दोन चमच्यांनी काही होत नाही, बाबा. खरं की खोटं, मला माहीत नाही. पण पुन्हा पुन्हा म्हटलं.

आई उपाशी गेली नाही.