वाडीचं बदललेलं नाव

येसाजीकाका,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, तरी भांडायला मला तुम्हीच लागता. आंबेनळीच्या आपल्या वाडीवर डोंगराला भेग पडलीय. जीव थाऱ्यावर नाही. खाली जागा हवी तर वस्ती जुनी असल्याचा पुरावा आणा, असं सरकारी लोक म्हणतात. समाजशास्त्राचे प्राध्यापक तुम्ही, आयुष्यभर वाडीवरच लिहिलंत. म्हणून विद्यापीठात जपलेले तुमचे लेख वाचून आले. त्यांत वाघबारशीचा सण आहे, आपल्या म्हशींची नावंसुद्धा आहेत. वाडीचं नाव मात्र खोटं! खाली टीप: 'वस्तीला त्रास होऊ नये म्हणून नाव बदलले आहे.' काका, घरच लपवलंत?

परतले तर तुमची आई दारातच. "येसाच्या लिखाणात गावली का गो आपली वाडी?"

"गावली," म्हटलं.

ती लगेच खाली जायला बोचकं बांधायला बसली.

तुमची पुतणी,
अनुपमा