टकल्या परीक्षकाचा आवाज

प्रिय भोंगाबाई,

हे नाव लिहू की नको म्हणून बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. पण काकूंनी ठेवलेलं नाव आहे आणि दुसऱ्या कुठल्या नावाने तू मला सापडायची नाहीस. फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पत्र. तेही धड बसून नाही. मघाशी उठून पाणी पिऊन आले, खिडकी लावली, परत उघडली. मशीनवरही हेच चाललंय. काल एका शर्टाची बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली. काकू मालकीण असून त्यांनी नुसता चष्मा पुसला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझ्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून शिवणखोलीतला टीव्ही नुसता लागतो. दुपारी तीच गाण्यांची स्पर्धा. मशीनच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, आवाज वाढवला तर काकूंचं डोकं दुखतं, म्हणून तो पहिल्यापासून बंद आणि बाकीचं सगळं तू. काजं करता करता पडद्यावरच्या प्रत्येकाच्या तोंडी शब्द घालायचीस. तो कुरळ्या केसांचा पोरगा छातीवर हात ठेवून डोळे मिटायचा आणि तू गायचीस, माझी बाही आखूड झाली गं, आता मी हात कुठे लपवू. चाल तुझी, पण त्याच्या ओठांशी बरोब्बर जुळायची. टकल्या परीक्षकाला तू लाडात आलेला गोड आवाज द्यायचीस. काकू हसून हसून कात्री खाली ठेवायच्या, आणि काकू काही कापड अर्धं कापून कात्री खाली ठेवणाऱ्यांतल्या नव्हेत.

परवा बसमध्ये कुरळ्याचं ते गाणं खरोखर लागलं. प्रेम, चांदणं, नेहमीचंच. मी शेजारच्या बाईंना ठासून सांगितलं की गाणारा शब्द चुकवतोय, मूळ गाणं बाहीचं आहे. बाईंनी पिशवी पोटाशी धरली आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली. तुला सांगायचं म्हणून लगेच फोन लावला. तो वाजतच राहिला.

मग काकू म्हणाल्या, एकदा ऐकून तरी बघू. मशिनं थांबवली आणि आवाज लावला. टकल्या म्हणाला, प्रयत्न छान आहे, सुरांकडे लक्ष दे. एवढंच. इतकी वर्षं हा माणूस एवढंच बोलत होता. काकूंनी रिमोट काढून घेतला, आवाज बंद केला आणि स्वतःच शब्द घालायला लागल्या. त्यांनी कुरळ्याला त्यांच्या गुडघ्याचं दुखणं गायला लावलं. मला तर तेही जमलं नाही. खोली खायला उठते. मला तुझा रागही येतो आणि तू इथे हवी आहेस.

तुझी बहीण म्हणते, जखम भरलीय, डॉक्टरांनी बोलायला सांगितलंय, पण तू पाटीवर लिहून दाखवतेस. गाता येणार नाही हेही तिने सांगितलं. कामावर येणार नाही म्हणून लिहिलंस म्हणे. काजं करायला आवाज लागत नाही. पण तू का येत नाहीस ते मला कळतं, आणि कळतं म्हणूनच जीव थाऱ्यावर नाही.

आता पत्र कशासाठी ते लिहिते. काल बहिणीला फोन केला, तर मागून कोणीतरी म्हणालं, सांग झोपलीय म्हणून. जाड, खरखरीत आवाज, पत्र्यावर कात्री ओढल्यासारखा. मला वाटलं कोणी पाहुणे आलेत. मग कळलं, इतक्या सफाईने खोटं बोलणारी तूच. बहिणीने तू झोपल्याचं सांगितलं, मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकून रडले. शनिवारी अंतिम फेरी आहे. काकू आणि मी तुझ्याकडे येतोय. टीव्ही तुझा, आवाज बंद. तू तोंड उघडलं नाहीस तर कोण जिंकलं ते आम्हाला कळायचं नाही, आणि कळल्याशिवाय आम्ही उठायच्या नाही. कुरळ्याचं काय करायचं ते बघू. पण टकल्याला तू उगाच गोड आवाज दिलास गं. त्याला हा खरखरीतच शोभतो.

वाट बघून कंटाळलेली, तुझीच
काडी