शेजारच्या ताटाची वाट

कल्याण, हॉस्पिटल, खिडकीकडची खाट

ती. तुळसाताईस,

पडल्या पडल्या नमस्कार (साष्टांगच समज, आडवा आहेच). तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला बरा असेल. रविवारी मामा म्हणून नवरीला, आपल्या दर्शनाला, लग्नाच्या मांडवात मीच आणणार, हे इथे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. एका कॉम्प्युटरला तेवढं पटत नाही.

पायाची जखम भरली, आता अडलंय साखरेवर. इथे बोट टोचलं की आकडा थेट कॉम्प्युटरमध्ये जातो आणि साखर कमी-जास्त झाली की सिस्टरच्या टेबलावर घंटी वाजते. माझ्याइतकी वॉर्डात कुणाचीच वाजत नाही. आधी कमी म्हणून वाजते, मग विनिता सिस्टर ग्लुकोजचं पाणी पाजतात, की थोड्या वेळाने जास्त म्हणून वाजते. घंटी गप्प झाल्याशिवाय डॉक्टर सोडणार नाहीत. कंटाळलो गं. विठ्ठलवाडीत इतकी वर्षं कुणाकडे न शिकता पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतोय, तेव्हा स्पष्ट सांगितलं की यंत्रच बिघडलंय. खात्रीसाठी सिस्टरना स्वतःचं बोट टोचायला लावलं. त्यांचा आकडा अगदी व्यवस्थित आला. (तरी एकदा वायर बघितली असती, पण हात लावू देत नाहीत.)

शेवटी काल जेवणाच्या वेळी सिस्टर समोर खुर्ची टाकूनच बसल्या. इन्सुलिन टोचून झालं. साखरवाल्यांची ताटं आधी येतात, तसं माझं आलं. मी हात धुतले, ताट झाकून ठेवलं आणि बसलो. जेवत का नाही, म्हणाल्या. मी शेजारच्या खाटेवरच्या त्र्यंबकरावांकडे बोट दाखवलं. त्यांचं साधं ताट सगळ्यात शेवटी येतं. शेजारी माणूस उपाशी बसलेला असताना पहिला घास कसा घ्यायचा? आईने आपल्याला तसं शिकवलंच नाही. सिस्टरनी कपाळाला हात लावला; इन्सुलिन घेऊन उपाशी बसलं की साखर उतरणारच, म्हणाल्या. त्र्यंबकराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जेव रे बाबा धाकू. तुझ्या त्या घंटीने माझी झोप गेलीय."

आता दोघांची ताटं बरोबर येतात. घंटी गप्प आहे. शनिवारी सोडतायत. फेटा इस्त्री करून ठेव, सुरकुती नको.

तुझा,
धाकू

ता. क. मामाने पाहुण्यांआधी जेवायचं म्हणजे लोक हसतील, पण मला वेळेवर वाढायला सांग.

आणखी ता. क. एकट्याने घास उतरत नाही तो नाहीच. त्र्यंबकरावही शनिवारीच सुटतायत, त्यांना घेऊन येतोय. इथे त्यांना भेटायला कुणी आलं नाही. तूच आग्रहाचं बोलावणं पाठवलंस, असं मी त्यांना सांगून बसलोय. तेवढं सांभाळून घे.