आई सभेला आली होती

नाशिक,
१९ फेब्रुवारी १९८५

प्रिय भिकन,

मागच्या रविवारी पंचवटीत तुझी प्रचाराची सभा झाली, तिला मी होते. आईही होती. तू हल्ली मोठमोठ्या सभांत बोलतोस, असं गावात कुणीतरी तिला सांगितलं होतं. तेवढ्यावर ती सकाळच्या एस.टी.नं माझ्याकडे आली, कोरं लुगडं नेसून. मला शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या, पण तिचा चेहरा बघून नाही म्हणवेना. द्वारका चौकातून रिक्षा केली.

सभा चारची, तुझे साहेब उगवले सातला. सुरगाण्याकडच्या बायका ट्रकमध्ये कोंबून आणल्या होत्या, सकाळपासून उपाशी. प्यायला पाणी नाही. मांडवामागे कार्यकर्त्यांसाठी मटणाची पातेली चढलेली, आणि तो वास घेत पोरं रडत होती. एक बाई पोराला घेऊन उठली, तर बिल्लेवाल्यानं खांदा दाबून तिला खाली बसवलं. ‘साहेब येईस्तोवर कुनी हलायचं नाय!’ कॉलेजात असताना असल्याच माणसांच्या अंगावर तू धावून जायचास. मोर्चात तुझं डोकं फुटलं, तेव्हा दवाखान्यात रात्रभर मी तुझ्या उशाशी बसले होते, आणि मनातून मला तुझा अभिमानच वाटत होता.

मग तू बोलायला उठलास. आई एकदम ताठ बसली. शेजारच्या बाईला ‘ह्यो माझा’ म्हणून सांगायला तिनं तोंडही उघडलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ. खडी फोडणारी आई. कामावर खायला मिळालेली, पण स्वतः न खाता तुझ्यासाठी पदरात बांधून आणलेली सुकडी. इथवर सगळं खरं होतं, आई डोळे पुसत होती. आणि मग तू तिला मारलंस. खडीच्या ढिगावर, तुझ्या मांडीवर, पाणी पाणी करत. तिच्या मागे म्हणे साहेबांनी तुला पोटच्या पोरासारखं शिकवलं! त्या साली साहेब आपल्या गावाकडे फिरकलेही नव्हते, भिकन. तुझं शिक्षण आईनं फोडलेल्या खडीवर झालं. माझी शाळा दोन वर्षं सुटली तीही त्यापायीच. ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

मग तू सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलंस. अख्खं पटांगण उठलं. आईसुद्धा उठली. मी तिचा हात ओढला, तर कुजबुजली, ‘समदी उभी हायेत. मीच बसले तर बरं दिसतं का?’ आणि हात जोडून उभी राहिली, स्वतःच्याच श्रद्धांजलीला. आईच्या शेजारची ती बाई हुंदके देत होती. तिनं आईला विचारलं, ‘तुमी वळखत होत्या का तिला?’ आई म्हणाली, ‘व्हय. वळखत होते.’

मंचामागे येऊन तुझी गचांडी धरावी असं मला वाटत होतं. आईनं येऊ दिलं नाही. ‘नको. त्याची पंचाईत व्हईल.’

तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. गावी जायचं नाव काढत नव्हती. दार वाजलं की आतल्या खोलीत जायची. शेजारच्या मंगलाबाईंनी चौकशी केली, तर ‘मी लताची मावशी’ म्हणून सांगितलं. तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती आपण होऊन मेलेली राहिली, आणि तिच्यासाठी मीही गप्प बसले. हे पत्र मी लिहिणारही नव्हते.

पण काल तुझा माणूस जीपमधून चिठ्ठी घेऊन आला. ‘ताई, आईला सभेत पाहिलं. मतदान होईपर्यंत तिला तुझ्याकडेच ठेव, गावी पाठवू नकोस.’ म्हणजे मंचावरून तू तिला पाहिलं होतंस. हात जोडून उभं राहिलेलं पाहिलं होतंस. चिठ्ठी मी तिला वाचून दाखवली. तिनं ती पुन्हा वाचायला लावली. मग उठून लुगड्याची घडी पिशवीत घातली आणि म्हणाली, ‘मला माझ्या घरी सोड.’ उद्या सकाळच्या गाडीनं मी तिला घेऊन निघते आहे. शुक्रवारी तुझी सभा आपल्याच गावात आहे, असं तुझा माणूस सांगत होता. त्याआधी घरी जेवायला ये. आई वाढेल.

तुझीच,
लताताई