तुटलेल्या दोराचा खरा आकडा

मी, रत्नप्रभा दत्ताराम घाडीगावकर, वय ७४, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपणाखाली एकदा लिहिलं होतं, ते कलम ४ मध्ये आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या पश्चात मुलगा सर्वेश याचा. बाल्कनी बंद करून हॉल वाढवू नये. तू करशीलच, पण आई नको म्हणाली होती हे लक्षात असू दे.

२. बँकेतल्या ठेवी सर्वेश आणि सून रुचिरा यांना निम्म्या-निम्म्या. यावरून वाद घालू नये.

३. माझं व्हर्नियर कॅलिपर नात तेजल हिला. भांडुपच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते माझ्या हातात होतं. त्याने पोलादी दोराची जाडी मोजायची, मग दोर यंत्रावर ताणायचा आणि किती टनांना तुटतो ते नोंदवायचं, हे माझं आणि संघमित्राचं काम. दोर तुटला की अख्खी शेड हादरायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. दुपारचा चहा काचेच्या बीकरमध्ये. त्या दिवसांची मला फार आठवण येते.

४. आमच्याकडे आकडा आधी पेन्सिलीत लिहायची पद्धत होती. साहेबांनी पाहिला की मग शाईत. मार्च १९९८ मध्ये क्रेनचा एक दोर दहा टन पेलायला हवा होता, तो नऊ पूर्णांक दोन टनांना तुटला. साहेब म्हणाले, "माल आजच निघतोय. जरा नीट बघा."

"नीटच बघितलंय, सर," संघमित्रा म्हणाली आणि तिने पेन खाली ठेवलं.

ते मी उचललं. पेन्सिल खोडून शाईत दहा पूर्णांक एक लिहिलं.

पुढे तो दोर गिऱ्हाइकाच्या साइटवर तुटला. नशिबाने खाली कोणी नव्हतं. चाचणीच्या दिवशीची पाळी संघमित्राच्या नावावर, म्हणून यंत्र नीट न लावल्याचा ठपका तिच्यावर आला. तिची बदली स्टोअरला झाली, बढती मला मिळाली. साहेबांवर माझा राग आजही आहे, पण खोडरबर माझ्या हातात होतं. ठपका खोटा होता. माझ्या दिवसकार्याला जुने सहकारी येतील, त्यांच्यासमोर सर्वेशने हे कलम मोठ्याने वाचावं.

५. माझ्या पाटल्या संघमित्राला द्यायच्या होत्या. ती म्हणाली, "पाटल्या ठेव गं तुझ्याकडेच. घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही ना? मग मला सहीच करू दे." म्हणून पाटल्या रुचिराला.

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
लिहून ठेवणार: रत्नप्रभा दत्ताराम घाडीगावकर (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. सुबोध तेंडोलकर, शेजारी (सही)
२. संघमित्रा अंबादास गवई (सही)

खाडाखोडीची नोंद: सही करण्याआधी संघमित्राने कलम ४ दोनदा वाचलं आणि म्हणाली, "पूर्णांक दोन नाही गं. नऊ पूर्णांक एक. सत्तावीस वर्षं पाठ आहे मला." त्याप्रमाणे तो आकडा नऊ पूर्णांक एक असा वाचावा. दुरुस्ती संघमित्राने स्वतःच्या हाताने, शाईत केली आहे.
र. द. घा. / सु. तें. / सं. अं. ग.