ओटीवर खेळण्याची अट

मी, सगुणाबाई कोम गोपीनाथ राऊत, वय वर्षे चोवीस, राहणार कल्याण, मुंबईस प्रसूतिविद्या शिकून येथील दवाखान्यात नोकरीस असलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला क्षय झाला आहे. डॉक्टर "हवापालट करा" म्हणतात. त्याचा अर्थ मी इतर रोग्यांच्या बाबतीत पाहिला आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहिलेले नाही. दडपण आणून पाहिले गेले, एवढे खरे.

१. माझी हत्यारे, म्हणजे कात्री, चिमटे आणि ती उकळण्याचे पितळी भांडे, माझ्या हाताखाली शिकलेल्या तुळसाला द्यावीत. भांड्यासकट द्यावीत. नुसती कात्री दिल्यास ती पदराला पुसून काम भागवील.

२. सोन्याच्या पाटल्या माझी मुलगी हेमा हिच्या. त्या मोडून जाऊबाईंच्या मुलीच्या लग्नात घालू नयेत. हे लिहिण्याची गरज का पडली ते जाऊबाई जाणतात.

३. वडिलांनी मला लग्नात दिलेले पारनाक्याचे घर माझे स्त्रीधन आहे. ते हेमाचे. ती सज्ञान होईपर्यंत तिला घेऊन तेथे वेगळे राहण्याचा हक्क माझ्या भ्रतारांना, पण एका अटीवर.

अटीचे कारण सांगते. बापाने आपल्या वडिलांदेखत स्वतःचे मूल उचलायचे नाही, त्याच्याशी खेळायचे नाही, असे आमच्या घरचे वळण आहे. सासरे, धाकू राऊत, ओटीवर असले की माझे भ्रतार मुलाकडे पाहतही नाहीत. आणि मामंजी दिवसभर ओटीवरच असतात.

माझा मुलगा रघु चालू लागला तेव्हा मी त्याच्याशी पदराआड तोंड लपवून बुवा-कुक खेळत असे. एकदा तो दुडदुडत बापापुढे जाऊन उभा राहिला. मामंजी शेजारी होते, म्हणून यांनी तोंड फिरवले. रघुला वाटले, खेळ सुरू झाला. ते तोंड परत वळण्याची वाट पाहत तो हसत उभा राहिला.

मी दाराआडून म्हटले, "अहो, पोर उभं आहे."

"बाबा बसलेत," हे पुटपुटले. "मागाहून घेतो."

मामंजी म्हणाले, "पोरात पोर होणारा बाप पुढे काय वळण लावणार, सूनबाई?"

त्याच वर्षी रघु घटसर्पाने गेला. यांनी त्याला हातांवर घेतले ते स्मशानात नेताना. तेव्हा मामंजींची हरकत नव्हती.

तरी अट अशी: भ्रतारांनी मामंजींदेखत, दिवसाढवळ्या, ओटीवर हेमासाठी घोडा व्हावे. न झाल्यास घर माझा भाऊ दगडू याच्या ताब्यात जावे, आणि हेमाला त्याच्याकडे वाढू द्यावे अशी भ्रतारांना विनंती. मूल कोणाकडे राहावे याबाबत कायदा माझ्या बाजूचा नाही, म्हणून विनंती. घराबाबत विनंती नाही.

४. येथवरचा मजकूर आज सकाळी ओटीवर सर्वांसमक्ष वाचून दाखवला. पुढे घडले ते नोंदवते.

मामंजी म्हणाले, "शिकलेल्या बायकांची थेरं!" भ्रतारांनी पागोटे उतरवून बाजूस ठेवले आणि हात-गुडघे टेकून ओणवे झाले.

"ऊठ, गोपीनाथा! रस्त्यानं माणसं बघतायत."

"बघू देत, बाबा."

मामंजी उठून आत गेले. हेमा तुळसाच्या मागे लपली. "ये गं, ये," हे म्हणत होते. ती रडू लागली. इतक्या खाली आलेले बापाचे तोंड तिने कधी पाहिले नव्हते.

मी हे लिहीत आहे आणि भ्रतार अजून तसेच आहेत. हेमा दोन पावले येते, परत पळते.

मूल पाठीवर बसलेच पाहिजे असे अटीत लिहिलेले नाही. अट पुरी झाली, असे मी ठरवते. घराची किल्ली यांना द्यावी. हेमा बसेपर्यंत यांनी रोज ओणवे व्हावे. ही अट नव्हे.

साक्षीस मामंजींचे नाव लिहिले होते. त्यांनी नकार दिल्याने ते खोडले आहे. खोड माझ्या हातची.

सही: सगुणाबाई कोम गोपीनाथ राऊत

साक्ष:
१. राघो, दवाखान्याचे कंपौंडर
२. तानाजी, शेजारी, निशाणी अंगठा

मुक्काम कल्याण, ता. ९ डिसेंबर सन १८९३